सील न तोडलेली बाटली

यरुशलेमचं वेड ताईचं होतं, माझं नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही तिने. नवापूर तालुक्यातल्या एका वसतिगृहात मुलींसाठी भाकऱ्या थापण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि माझे यजमान वारल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. मी नर्स होते. आधी धडगावकडच्या डोंगरात आणि मग नवापूरजवळच्या उपकेंद्रात, लसीचा डबा खांद्याला लावून तीस वर्षं फिरले. आम्ही दोघी घरात मावची बोलतो. इथं सगळं मराठीत लिहितेय, पण ताईचं बोलणं जरा तुटक समजून वाचा. लांब वाक्य तिच्या तोंडून कधी निघत नाही.

एका रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं, मंडळीतून पवित्र भूमीच्या यात्रेला गट जाणार आहे. मी चपला शोधत होते. तेवढ्यात ताई पुढे गेली आणि दोघींची नावं देऊन आली.

"मला विचारलंस का?" मी म्हटलं.

"तू नकोच म्हणाली असतीस."

"तुझी शुगर बघितलीस का? दोन वेळा इन्सुलिन. विमान, उन्हं, चालणं."

"म्हणून तर तुझं नाव दिलं."

म्हणजे मी यात्रेकरू म्हणून गेलेच नाही, तिची नर्स म्हणून गेले. ताईने तिच्या इन्सुलिनच्या थर्मासला लाल कापडाची पिशवी शिवली, तिला लांब बंद लावला आणि ती गळ्यात अडकवली. नवापूर स्टेशनवर सुरतेची गाडी पकडल्यापासून ती पिशवी तिच्या छातीवरून हलली नाही. झोपतानाही नाही.

आम्ही आधी अम्मानला उतरलो. दुसऱ्या दिवशी यार्देन नदी बघितली. ताईने काठावर उभी राहून वर-खाली बघितलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "आपली रंगावली पावसाळ्यात हिच्याहून मोठी असते."

आणि मग एकदम रडायला लागली. मी तिला रडताना आईच्या मरणानंतर पहिल्यांदाच पाहत होते. पायऱ्यांवर बसून तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि पाळकसाहेब हाका मारत राहिले तरी उठली नाही. तेव्हा मला वाटलं, बरं झालं आलो.

यार्देनवरचा सरहद्दीचा पूल ओलांडून आम्ही बेथलेहेमला आलो. उतरलो ते हॉटेल तीन मजल्यांचं होतं, अरुंद जिन्याचं. आमचा गाईड तिथलाच, बेथलेहेमचा ख्रिस्ती माणूस, पन्नाशीचा. इंग्रजी हळू बोलायचा, म्हणून मला कळायचं, आणि मी बाकीच्यांना सांगायचे. हॉटेलात चादरी धुणारी एक बाई होती. डोक्याला करडा रुमाल घट्ट बांधलेला, अंगाने भारी, वय पंचेचाळीसच्या आसपास. पहिल्याच संध्याकाळी ताई गच्चीवर गेली ती तासभर आलीच नाही. शोधायला गेले तर दोघी मिळून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. जवळ यायच्या, कडा जुळवायच्या, पुन्हा मागे जायच्या. एका शब्दाची ओळख नाही, पण हात असे चालले होते की जणू जन्मभर एकाच वसतिगृहात कामाला होत्या.

"ताई, आपण इथं देवदर्शनाला आलोय," मी म्हटलं.

"एकटीच करत होती," ताई म्हणाली.

शनिवारी सकाळी आम्हाला गालीलकडे निघायचं होतं. सहा वाजता मी ताईला सुई दिली. सगळ्या बॅगा बसमध्ये चढल्या. निघण्याआधी प्रभूच्या जन्मस्थानाचं एकदा शेवटचं दर्शन घ्यायचं ठरलं. देवळाखालच्या त्या गुहेत उतरायला पायऱ्या अरुंद, जन्माच्या जागेवरच्या चांदीच्या ताऱ्याला हात लावायला पार गुडघ्यांवर वाकावं लागतं, आणि मागून लोक रेटत असतात. आदल्या दिवशी ताईची ती लाल पिशवी कुणाच्या तरी कड्यात अडकून ओढली गेली होती.

"ती पिशवी बसमध्ये ठेव," मी म्हटलं. "अर्ध्या तासात तर परत येतोय."

"राहू दे गळ्यात."

"ताई, थर्मास फुटला तर काय करशील? ठेव म्हणते ना."

तिने काढली आणि सीटच्या वरच्या फळीवर ठेवली. ड्रायव्हर म्हणाला, तोवर मी सरहद्दीच्या भिंतीपलीकडे, इस्राएलच्या बाजूला जाऊन डिझेल भरून आणतो. तो ड्रायव्हर त्या बाजूचा होता. त्याला नाका ओलांडायची मुभा होती.

आम्ही गुहेत असतानाच लोकांचे फोन वाजायला लागले. आधी एक, मग चार-पाच, मग सगळीकडे. देवळात फोन वाजतात म्हणून मी रागाने मागे बघितलं, आणि मला गाईडचा चेहरा दिसला. तो फोन कानाला लावून भिंतीला टेकला होता. बाहेर अंगणात आलो तर लांबून धाड धाड आवाज आले. मला पहिल्यांदा वाटलं, कुठं तरी डोंगर फोडतायत. आमच्याकडे महामार्गाच्या कामात तसे सुरुंग लागायचे. मग आकाशात पांढऱ्या रेघा दिसल्या. त्या वर चढल्या, वळल्या आणि फुटल्या. मंडळीतल्या एका बाईने मोबाईल काढून त्यांचे फोटो घेतले. तिला दोष देत नाही. आम्हाला कुणालाच कळत नव्हतं की आपण काय बघतोय.

"चला," गाईड म्हणाला. "हॉटेलवर. चालत. आत्ता."

लढाई सुरू झाली होती, नाका बंद झाला होता. बस पलीकडे होती. बसमध्ये आमच्या सगळ्यांच्या बॅगा होत्या, आणि सीटवरच्या फळीवर लाल पिशवी होती.

दुपारपर्यंत हॉटेलच्या खालच्या दालनात टीव्हीसमोर सगळे बसून होते. भाषा कळत नव्हती, पण चित्रं कळत होती. इकडची माणसं, तिकडची माणसं, पळणारी, पडलेली. पाळकसाहेब दर तासाला आम्हाला मोजायचे. बावीस असायचे. पुन्हा मोजायचे. घरून फोन येत होते, नवापूरहून, सोनगडहून, नंदुरबारहून. माझ्या शेजारणीचा फोन आला. तिच्या घरधन्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आमच्या घराला लागूनच आहे आणि घराची किल्ली तिच्याकडेच दिली होती. ती म्हणाली, "बहन, टीव्ही पे जो दिखा रहे हैं, तुम उधर नहीं हो ना?" मी म्हटलं, आम्ही लांब आहोत. लांब म्हणजे किती ते मलाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळची सुई चुकली. मी गाईडला सांगितलं. त्याने लगेच औषधाच्या दुकानांना फोन केले. एकही उघडं नव्हतं. सगळा गाव बंद. तो स्वतः निघाला, दवाखान्याच्या रस्त्याला लागला आणि वीस मिनिटांत परत आला. त्या चौकात दगड आणि गोळ्या दोन्ही चालू होतं.

"उद्या," तो म्हणाला.

रविवारी सकाळीही तेच. ताई सारखं पाणी मागत होती. दुपारी तिला उलटी झाली. ग्लुकोमीटर माझ्या पर्समध्ये होता, तेवढा एक तरी होता. बोटातलं रक्त लावलं तर आकडा आलाच नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. यंत्राच्या मोजमापापलीकडे. तीस वर्षांत मी ती अक्षरं कितीदा बघितली होती, पण ती लोकांच्या बोटांची होती. त्या दिवशी ताईच्या.

"काय आलं?" ताईने विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं.

"खोटं बोलतेस."

खाली पाळकसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून प्रार्थना सुरू केली होती. ताईचं नाव घेऊन बायका मोठमोठ्याने रडत होत्या. मी वरच थांबले. तेवढ्यात ती चादरींची बाई दारात आली. हातात टॉवेल होते. ताईला बघून तिने टॉवेल खाली ठेवले, जवळ आली आणि तिच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. डॉक्टर घेतो तसा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सुक्कर?"

साखर. मला कळलं. मी दंडावर सुई टोचल्याची खूण केली आणि म्हटलं, "इन्सुलिन. नो इन्सुलिन."

"इन्सुलिन," ती म्हणाली. मान हलवली आणि गेली.

तासाभराने ती परत आली. धापा टाकत होती, चपलांना माती होती. झग्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत एक बाटली होती, गार, सील न तोडलेली, आणि दोन नव्या सिरिंजा. मी बाटली खिडकीशी नेऊन वाचली. आपल्याकडे एका मिलिलिटरला चाळीस युनिट असतात. ह्या बाटलीवर शंभर होते. ताईच्या बटव्यातल्या जुन्या सिरिंजेने ओढलं असतं तर अडीच पट गेलं असतं. म्हणून मी त्या बाईने आणलेल्याच सिरिंजा वापरल्या, हिशोब दोनदा केला, तारीख बघितली, बाटली हलवून दुधाळ एकसारखी झाली का ते बघितलं. सगळं नीट केलं. त्या एवढ्याशा कागदावरची सगळी अक्षरं मी वाचली.

मग तिला विचारलं, "होम? मोअर?" तिने हात हलवला, डोंगराच्या बाजूला कुठे तरी. मी त्याचा अर्थ घेतला की घरी आहे भरपूर. सील न तोडलेली बाटली माणूस दुसऱ्याला देतो म्हणजे कपाटात दुसरी असणारच, हे मी धरूनच चालले.

संध्याकाळपर्यंत मशीनवर आकडा आला. पहाटे तो आणखी उतरला. ताई उठून बसली आणि म्हणाली, "ती कुठंय?"

सोमवारी ती कामावर आली होती. मी तिला दोनदा बघितलं, ते सांगते. सकाळी जिन्यात बसली होती. जवळ प्लास्टिकची बाटली होती, नळावर भरून आणली, गटागट प्यायली, पुन्हा भरली. ओठ कोरडे होते. मला पाहून हसली. मी मनात म्हटलं, बिचारी थकलीय, रात्रभर कुणाला झोप आहे. मी तिच्या अंगावरून खाली गेले, चहासाठी.

दुसऱ्यांदा दिवेलागणीला. आमच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. ती उभी होती. "ओके?" तिने ताईकडे बोट करून विचारलं. ताईने हात जोडले. मी म्हटलं, "ओके, ओके, थँक यू." ती तरी उभीच. तिची नजर खिडकीकडे गेली. तिथं मी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पेल्यात ठेवली होती. मला वाटलं, आपण नीट ठेवलीय की नाही ते बघतेय. मी अभिमानाने म्हटलं, "कोल्ड. गुड." तिने मान डोलावली. मी आणखी दोनदा थँक यू म्हटलं आणि दार लावलं.

मंगळवारी सकाळी गाईड धावत वर आला. नाका थोडा वेळ उघडणार होता, परदेशी लोकांसाठी, चालत. पलीकडे आमची बस उभी होती, थेट पुलाकडे, घरच्या वाटेला न्यायला. दहा मिनिटं होती. मी ताईला सुई दिली, पर्स उचलली आणि खिडकीतली बाटली फडक्यासकट पर्समध्ये टाकली.

इथं मला एक लिहायलाच हवं. मी ती विसरून टाकली नाही. माझ्या मनात स्पष्ट होतं की ही बाटली दुसऱ्याची आहे, खाली काउंटरवर ठेवायला हवी. आणि लगेच दुसरा विचार आला, पुलावर दोन दिवस अडकवलं तर? बसमधला थर्मास हरवला असेल तर? बाटली जवळजवळ भरलेली होती. मी चेन लावली.

जिन्यात ताई म्हणाली, "तिला भेटायचंय."

"आज आलेली दिसत नाही," मी म्हटलं. खरंच आलेली नव्हती. "ताई, चल."

नाक्यापर्यंत गाईड बरोबर आला. त्याला पुढे येता येणार नव्हतं. त्याने पाळकसाहेबांना मिठी मारली. लोखंडी फिरत्या दारातून आम्ही एक एक करून गेलो, आणि वळून बघितलं तेव्हा तो जाळीपलीकडे हात वर करून उभा होता. पलीकडे बस होती. ताई चढली आणि थेट तिच्या सीटकडे गेली. फळीवर लाल पिशवी जशीच्या तशी होती. तीन दिवसांत कुणी हात लावला नव्हता. तिने ती गळ्यात घातली आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

मी पर्स मांडीवर घट्ट धरली. मी बाहेर बघत राहिले. रस्ता इतका मोकळा होता की भीती वाटावी.

पुलावरच्या इमारतीत मोठी रांग होती. भिंतीवर फुकटच्या वायफायची पाटी होती. फोन जोडला तसे एकामागून एक संदेश पडायला लागले. नवापूरचे, सुरतचे. त्यात गाईडचा एक होता. इंग्रजीत होता, मी मराठीत देते:

"सिस्टर, तुमच्या बहिणीला दिलेली बाटली काउंटरवर ठेवलीत का? इथं सापडत नाही. चादरी धुणाऱ्या बाईची मुलगी न्यायला आलीय. त्या बाईला स्वतःलाच मधुमेह आहे, लहानपणापासून. बाटली तिचीच होती. सोमवारी दवाखाना उघडेल असं तिला वाटलं होतं. आज सकाळपासून ती नीट जागी होत नाही. आम्हालाही आत्ताच कळलं."

मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा मला अर्थच लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, आणि जिन्यातली पाण्याची बाटली, कोरडे ओठ, ताईच्या तोंडाचा वास घेणारं तिचं नाक, आणि दारात उभी राहून खिडकीकडे बघणारे डोळे, सगळं एकदम समोर आलं. ती बाटली कशी ठेवलीय ते बघायला आली नव्हती. ती मागायला आली होती. एक सुई. तेवढीच. आणि मी तिला तीनदा थँक यू म्हणून दार लावलं होतं.

मी नर्स आहे. धडगावच्या डोंगरात मी माणसाचा श्वास ऐकून सांगायचे की ह्याला आधी झोळीत घालून खाली न्या, बाकीचं मग. आणि ही बाई दिवसभर माझ्यासमोर पाणी पीत होती.

मी रांग सोडून बाहेर पळाले. बस निघून गेली होती. आत खिडकीमागे एक तरुण मुलगी गणवेशात बसली होती. तिच्यासमोर मी बाटली धरली. "बॅक," मी म्हटलं. "बेथलेहेम. वन लेडी. डाइंग." तिने बाटलीकडे, माझ्या पासपोर्टकडे, पुन्हा बाटलीकडे बघितलं. "मॅडम, औषध न्यायला परवानगी आहे," ती म्हणाली. "लाइनमध्ये उभ्या राहा." तिला वाटलं, मी बाटली पुढे नेऊ का म्हणून विचारतेय. मी पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली. इथून मागे कुणीच जात नाही, आज तर नाहीच.

मी गाईडला लिहिलं: बाटली माझ्याकडे आहे. मी पुलावर आहे. चौकात गोळ्या चालू असल्या तरी तिला दवाखान्यात न्या. सलाईन लागेल. उशीर करू नका. माफ करा. तो संदेश गेला की नाही हे बघायच्या आत आमची रांग पुढे सरकली आणि पुलापार नेणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये चढताच वायफाय गेलं.

"कुणाचा फोन?" ताईने विचारलं.

"घरून," मी म्हटलं.

नवापूर स्टेशनवर मंडळी हार घेऊन आली होती. मुलं गाणी म्हणत होती. कुणी तरी माझ्या हातात नारळ दिला. मी तो धरून उभी राहिले. लोकांची तोंडं हलताना दिसत होती, ऐकू येत नव्हतं. घरी आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाटली फ्रीजमध्ये ठेवली, अंड्यांच्या कप्प्यात मागे. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

गाईडचं उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी साक्ष द्यायची होती. यात्रेहून आलेल्यांनी उभं राहून देवाने काय केलं ते सांगायचं. पहिली ताई उठली. आयुष्यात कधी चार माणसांत बोलली नव्हती ती.

"मी मरत होते," ती म्हणाली. "औषध नव्हतं. प्रभूने देवदूत पाठवला. बाईच्या रूपात. रुमालात बाटली घेऊन."

"हालेलुया," सगळी मंडळी म्हणाली.

मग पाळकसाहेबांनी मला बोलावलं. मी ठरवून गेले होते, दोन शब्द बोलायचे आणि बसायचं. पण 'देवदूत' हा शब्द माझ्या डोक्यात गरगरत होता. मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, "ती देवदूत नव्हती. तिला मधुमेह होता."

आणि मग सगळं सांगितलं. जिन्यातली बाई, दारातली बाई, पर्सची चेन. आवाज माझाच होता, पण कुणी तिसरंच बोलतंय असं वाटत होतं. संपलं तेव्हा पाळकसाहेब उठले आणि हळूच म्हणाले, "बहीण फार थकल्या आहेत. आपण गीत घेऊ या." लोक गायला लागले. मी ताईकडे बघितलं. ती गात नव्हती. हे सगळं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

घरी येऊन तिने फ्रीज उघडला, अंडी बाजूला केली, बाटली काढली.

"हीच?"

"हो."

"पुलावर कळलं तुला?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस? मी परत गेले असते."

"तुला कुणी जाऊ दिलं नसतं, ताई."

"ते त्यांनी ठरवलं असतं," ती म्हणाली. "तू का ठरवलंस?"

त्या संध्याकाळी मी सिरिंज भरून तिच्याकडे गेले तर ती घरात नव्हती. शेजारणीकडे बसली होती, बाही वर करून. शेजारणीच्या सासूला शुगर होती, सुई द्यायचं ती शिकलेली. माझ्या सख्ख्या बहिणीला दुसरी बाई सुई देत होती आणि मी आमच्या ओट्यावर भरलेली सिरिंज घेऊन उभी होते. शेजारण माझ्याकडे बघून ओशाळली. "बहन, ये बोली आज इधर लूँगी," ती म्हणाली. पंधरा दिवस ताई रोज दोन वेळा तिकडे गेली.

गाईडचं उत्तर त्या पंधरा दिवसांतच आलं. सकाळी चुलीवर पाणी ठेवलं होतं आणि फोन वाजला. मी तो उघडायला घाबरले. शेवटी ताईच्या हातात दिला. तिला इंग्रजी येत नाही, तिने परत माझ्याकडे दिला आणि माझा दंड धरून उभी राहिली.

बाई जिवंत होती. मुलीने आणि शेजाऱ्यांनी तिला गल्लीबोळांतून हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवस शुद्ध नव्हती. आता घरी होती, एका डोळ्याला अंधुक दिसत होतं. हॉटेल बंद पडलं होतं, यात्रेकरूच नाहीत म्हणून. खाली एक ओळ होती: तिने विचारलंय, तुमची बहीण कशी आहे.

मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं होतं, अशी बातमी आली तर हायसं वाटेल. तसं वाटलं नाही. तिने मला शिवी दिली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

ताई मात्र हलली. "तो फोन बोलणं पाठवतो ना?" तिने विचारलं. मी बटण दाबून धरलं. ताई मावचीत बोलायला लागली. मी तिला इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. तिने तिला आपली शुगर सांगितली, नवापूरचं घर सांगितलं, वसतिगृहातल्या चादरी किती जड असायच्या ते सांगितलं, डोळ्याला कुठला डॉक्टर दाखवावा तेही सांगितलं. मग म्हणाली, "बाटली आमच्याकडे आहे. माझ्या बहिणीने आणली. ती वाईट नाही. ती घाबरली होती." आणि माझ्या हातातला फोन बाजूला सारून पदराने तोंड पुसलं.

"हे तिला कळणार नाही, ताई," मी म्हटलं.

"पाठव."

दोन दिवसांनी गाईडने लिहिलं, तिने ते तीनदा ऐकलं. ही कुठली भाषा म्हणून विचारलं. त्याने तिला सांगितलं, मलाही ठाऊक नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ताई शेजारी गेली नाही. ओसरीवर येऊन बसली, बाही वर केली आणि हात पुढे केला. मी सुई दिली.

गाईडला मी अजून लिहिते. कधी उत्तर येतं, कधी महिनोन्‌महिने येत नाही. मागे त्याने कळवलं की त्या बाईला दवाखान्यातून औषध मिळतंय, आणि त्याच्या मुलाने देश सोडला. मंडळीत पुढच्या यात्रेचं बोलणं अजून कुणी काढलेलं नाही. मला मात्र एक खोड लागलीय. बाजारात, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुणी बाई दुसऱ्यांदा पाण्याचा पेला भरून घेताना दिसली की मी तिच्याजवळ जाते. ओळख असो नसो. "बाई, तब्येत बरी आहे ना?" असं विचारते. बहुतेक जणी म्हणतात, उन्हाळा किती आहे. मी तरी थोडी थांबते.